बघणारा वाघ

१

बीजिंगहून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी जेडचा वाघ तळहातावर घेतला, क्षणभर गालाला टेकवला आणि परत ट्रेमध्ये ठेवला. मग दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून त्या संचालक जासिम साहेबांना म्हणाल्या, “हा दगड नाही. प्लास्टिक आहे.”

जासिम साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. उतरणारच! दोह्याबाहेर, उम्म सलाल मोहम्मद गावाच्या अलीकडचं हे खासगी संग्रहालय गेलं वर्षभर एकाच प्रदर्शनाच्या मागे लागलं होतं. प्राचीन चिनी कलेतला वाघ. कांस्याच्या मद्यपात्रावरचे वाघ आले होते. राजाचा हुकूम खरा असल्याचं सेनापतीला पटावं म्हणून मधोमध कापलेला, एक अर्धा भाग राजाकडे आणि एक सेनापतीकडे राहणारा कांस्याचा वाघही आला होता. पण प्रदर्शनाचा जीव होता तो हा वीतभर जेडचा वाघ. तीन हजार वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या प्रेताशेजारी पुरलेला. पाठीला बाक, शेपटीचं टोक वळलेलं, खांद्यावर आणि मांडीवर कोरलेले वळसे. आणि त्याच्या जागी काचेच्या पेटीत कुणीतरी रेझिनचं सोंग आणून बसवलं होतं.

चारुलता देवस्थळींना विमा कंपनीने सकाळीच पिटाळलं. बाई सर्व्हेअर; आगी, गळत्या, बुडालेला माल बघण्यात त्यांचं निम्मं आयुष्य दोह्यात गेलेलं. समोरचा खोटं बोलायला लागला की त्या चष्मा काढून पुसत बसायच्या, आणि ऑफिसातली पोरं त्या चष्म्याला टरकून असायची.

“मालकांचा संध्याकाळी फोन येईल,” जासिम साहेब इंग्रजीत म्हणाले. “तोवर वाघ तरी मिळायला हवा, नाहीतर चोर तरी. दोन्ही नसेल तर मी पोलिसांत तक्रार करणार. अर्थात चोर मिळाल्यातच जमा आहे. तिला मी खाली बसवून ठेवलंय.”

“तिला?”

“पेटीची चावी जिच्याकडे असते ती. आज संध्याकाळच्या विमानाने ती इंडियाला निघाली होती. आता बोला.”

२

खालची खोली बिनखिडकीची होती. टेबलापलीकडे बसलेली मुलगी चारुलताबाई आत येताच उठून उभी राहिली. सुमैया मुकादम, रत्नागिरीकडची. संग्रहालयातल्या वस्तू कुठून निघाल्या, कुठे ठेवल्या, कुणाच्या ताब्यात गेल्या, हे बघणं तिचं काम. पायाशी प्रवासाची बॅग होती. रडून रडून डोळे सुजले होते.

“मराठीत बोल,” चारुलताबाई म्हणाल्या, “आणि आधी बस.”

ती बसली. “मॅडम, माझे अब्बा व्हेंटिलेटरवर आहेत. रत्नागिरीला. भाऊ म्हणाला, आली तर भेट होईल. आणि हे म्हणतात मी पळून चाललेय. पोलीस केस झाली तर मला देश सोडता येणार नाही, खरं ना?”

“खरं,” चारुलताबाई म्हणाल्या. खोटा धीर देणं त्यांना कधी जमलंच नाही. “म्हणून घोळ न घालता सांग. वाघ पेटीत कसा गेला?”

“इथली डागडुजी बघणाऱ्या अनंतराव काकांनी वाघाची साफसफाई पुरी केली. काल त्यांनी लाकडी पेटी आणली, मी त्यांच्याबरोबर गॅलरीत गेले. पेटी काकांनी उघडली. वाघ स्टँडवर बसवला तो पण काकांनीच. मी काच सरकवली, कुलूप लावलं.”

“वस्तू ताब्यात घेताना तपासायची असते ना? उचलून, उलटी करून?”

सुमैयाने मान खाली घातली. “असते.”

“मग?”

“मॅडम, मी इथे आले तेव्हा मला काय येत होतं? वस्तू धरायची कशी ते काकांनी शिकवलं. रमजानमध्ये माझा रोजा असतो म्हणून ते माझ्यासमोर घोटभर पाणी पीत नाहीत. त्यांनी दिलेली वस्तू मी त्यांच्याच डोळ्यांदेखत उलटीसुलटी करून बघू? ते म्हणाले, राहू दे बाळ, मी बसवतो. मी सही केली.”

नियम काहीही असो, वडीलधाऱ्या माणसाने दिलेलं तपासून घेणं आपल्याकडे अपमानच समजतात. मोडकं दिलं तरी आपण हसून घेतो. ही पोरगी तेवढ्यापायी अडकली होती.

“माझा फोन सिक्युरिटीने काढून घेतलाय,” सुमैया म्हणाली. “घरून फोन येत असतील. एकदा बोलू द्या ना मला.”

“बघते मी,” चारुलताबाई म्हणाल्या.

बाहेरच्या गार्डला त्यांनी विचारलं. तो म्हणाला, साहेबांची ऑर्डर आहे, चौकशी संपेपर्यंत नाही. साहेबांशी बोलू, असं ठरवून त्या वळल्या, तर जिन्यात एक तरुण घाम पुसत उभा होता. “मॅम,” तो घाईघाईने म्हणाला, “तुम्ही मला बोलवायच्या आधीच मी सांगतो. त्या वाघाच्या कॉप्या मी बनवतो.”

३

कुणाल नागपूरचा, दोन वर्षांच्या करारावर आलेला. थ्रीडी स्कॅन करून वस्तूंच्या प्रतिकृती काढणं हे त्याचं काम. त्या खाली दुकानात विकायला ठेवायच्या. त्याच्या टेबलावर वाघांचा कळपच बसला होता. निळे, केशरी, एक तर चक्क गुलाबी.

“सगळे माझ्याकडेच बोट दाखवणार ना, मॅम? खोटा वाघ बनवणारा इथे दुसरा कोण आहे? पण सीरियसली, मी ओरिजिनलला हातसुद्धा लावलेला नाही. मशीन लावतं.”

“स्कॅन कधी केलंस?”

“वाघ आला त्याच आठवड्यात. साफसफाईला जायच्या आधी. रूल आहे तसा.”

चारुलताबाईंनी निळा वाघ उचलला. “किती हुबेहूब असतो हा?”

“एकदम सेम टू सेम. त्याच्या अंगावर ओरखडा असेल तर इथेही तो ओरखडा येणार. मशीनला अक्कल नसते ना, स्वतःचं काही घालत नाही.”

बाईंनी पर्समधून भिंग काढलं. वाघाचा डोळा म्हणजे एक कोरीव चौकट, कोपऱ्याशी आकडा वळलेला, मधे वाटोळा उंचवटा. तो डोळा कुणाकडेच बघत नव्हता. मेलेल्याच्या सोबतीला पुरायच्या वाघाने बघायचं तरी कुणाकडे? केशरीचा डोळा तसाच, गुलाबीचाही तसाच.

“चल माझ्याबरोबर,” त्या म्हणाल्या.

वरच्या खोलीत खोटा वाघ ट्रेमध्ये पडला होता. त्यांनी निळा वाघ शेजारी ठेवला. पाठीचा बाक, वळसे, तोंडाशी आणि शेपटीशी ओवायला पाडलेली भोकं, सगळं जुळत होतं. डोळा मात्र जुळत नव्हता. खोट्याचा उंचवटा किंचित खाली आणि पुढे सरकला होता, वर पापणीसारखी बारीक कड आली होती.

“अरे! हे माझ्या फाइलमधलं नाही,” कुणाल ओरडला. “मॅम, मी सुटलो ना?”

“सुटलास. आता खऱ्या वाघाचं स्टँड आण.”

स्टँड पितळी होतं. खऱ्या वाघाच्या कडा जशा होत्या त्याबरहुकूम वाकवलेले चार बारीक आकडे, दुसरं काहीही त्यात नीट बसू नये असे. कुणालने खोटा वाघ त्यात ठेवला. तो जराही न डुगडुगता बसला.

म्हणजे अंग खऱ्याच वाघावरून साच्याने काढलेलं. मग डोळा का हाताने केला? साच्यात डोळाही आयताच आला असता. ज्याला हुबेहूब नक्कल हवी, तो आयता मिळालेला डोळा खोडून नवा कशाला करेल?

चारुलताबाई खोलीतल्या बुटक्या स्टुलावर टेकल्या, आणि समोर नजर गेली तशा एकदम ताठ झाल्या. स्टँडवरचा वाघ वरून, सरळ त्यांच्याकडे बघत होता.

ती नजर त्यांच्या ओळखीची होती.

४

अनंतरावांची प्रयोगशाळा मागच्या अंगाला होती. साठीचा माणूस, सडपातळ, खादीचा शर्ट. मूळचे पेणचे. घरात तीन पिढ्या गणपतीचा कारखाना. हे मुंबईला कला शिकले, मग जुन्या वस्तूंची डागडुजी करत जगभर फिरून दोह्यात स्थिरावले. दर श्रावणात ते शाडूच्या चार-पाच मूर्ती करायचे आणि ओळखीच्या घरी पोचवायचे. बिऱ्हाडातल्या बिऱ्हाडात पूजा, बादलीत विसर्जन. चारुलताबाईंच्या घरी गणपती यायचा तो त्यांच्याच हातचा.

“या, चारुताई,” ते म्हणाले. “चहा सांगू? बाहेर धूळ काय उठलीय बघा, समोरची भिंत दिसत नाही.”

“चहा नको.”

“पोरीचं काय झालं? सोडलं तिला?” त्यांनी हातातला ब्रश पुसायला घेतला. “ती चोर नाही हो. मी लिहून देतो.”

“मग चोर कोण?”

“मला काय ठाऊक!”

चारुलताबाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला लागल्या. पुसता पुसता त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे ते काम लांबलं.

“अनंतराव, आमचे हे गेले त्या वर्षी मी गणपती आणणार नव्हते. तुम्ही न विचारता घेऊन आलात. मी पाटावर बसले आणि मूर्तीकडे बघून हमसून हमसून रडले. आठवतं? मी विचारलं, हा माझ्याकडेच बघतोय असं कसं वाटतं? तुम्ही सांगितलंत, अंग साच्यातून निघतं पण डोळ्यांची आखणी हाताची. आमच्या घराची रीत आहे, बुबुळ जरा खाली, जरा पुढे. खाली बसणाऱ्या माणसाला वाटलं पाहिजे की देवाचं आपल्याकडे लक्ष आहे.”

ब्रश पुसणारा हात थांबला.

“तुमच्या हाताला दुसरा डोळा येतच नाही,” त्या म्हणाल्या. “त्या वाघाला तुम्ही डोळा काढलात. वाघ कुठे आहे?”

अनंतराव दाराकडे बघत राहिले. दारात जासिम साहेब उभे होते, आणि त्यांच्या मागे तज्ज्ञ बाई.

५

“मिसेस चारुलता,” जासिम साहेब म्हणाले, “मराठी मला कळत नाही. पण यांचा चेहरा मला कळतो. यांनी चोरला?”

“नाही,” चारुलताबाई इंग्रजीत म्हणाल्या. “चोरी झालीच नाही. मलाही हे आत्ता, यांचा हात थांबला तेव्हा कळलं. ऐका. कुणालने नक्कल केली असती तर डोळा खऱ्यासारखा आला असता, कारण त्याच्याकडे स्कॅन आहे. सुमैयाला मूर्तिकाम येत नाही. आणि नकलेचं अंग स्टँडमध्ये चपखल बसतं, म्हणजे साचा खऱ्या वाघावरून घेतलाय. पण डोळा साच्यातून आला नाही, हाताने करावा लागला. का? तर साचा घेतला तेव्हा खऱ्या वाघाचा डोळाच धड नव्हता. चोर धड वस्तूची नक्कल करतो, जासिम साहेब. ही नक्कल मोडलेल्या वस्तूची आहे.”

अनंतरावांनी हत्यारांचा खालचा खण ओढला. कापसात वाघ होता. मानेपासून तिरकी भेग गेलेली, डोळ्यातून बरोबर आरपार, आणि दोन तुकडे वेगवेगळे निजवलेले. डोळ्याच्या जागी चुरा झाला होता.

“साफ करताना मेण काढत होतो,” ते इंग्रजीतच, हळूच म्हणाले. “हातातच सुटला. उभ्या आयुष्यात माझ्या हातून कशाचा टवका उडालेला नाही. बोललो असतो तर... शेवटच्या वर्षी, निवृत्तीच्या तोंडावर, लोकांनी म्हातारा हात म्हटलं असतं. म्हटलं, सावकाश सांधू, उद्घाटनाआधी खरा परत ठेवू. तोवर जागा रिकामी दिसायला नको. तुम्ही लवकर याल हे कुठे माहीत होतं!” हे शेवटचं त्यांनी तज्ज्ञ बाईंना म्हटलं.

तज्ज्ञ बाईंनी एक तुकडा उचलला, दिव्याखाली धरला, नखाने भेगेची कड खरवडली. मग त्या फारच हळू बोलल्या.

“हा सांधा जुना आहे. हे पिवळं दिसतंय ना, हा डिंक. कुणा व्यापाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी मोडलेला वाघ चिकटवला, वरून मेण चोपडलं आणि अखंड म्हणून विकला. तुमच्या हातून काही तुटलं नाही. फक्त उघडं पडलं. त्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी तुमचे आभार मानले असते.”

अनंतरावांनी दुसरा तुकडा उचलून त्याची पिवळी कड बघितली.

“आणि ती मुलगी?” चारुलताबाई मराठीत म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. “सकाळपासून ती खाली बसलीय. तिचा बाप तिकडे शेवटच्या घटका मोजतोय हे तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला ती काका म्हणते! जीभ कशी उचलली नाही तुमची?”

“सोडतील असं वाटलं,” अनंतराव म्हणाले. “तिच्याकडे वाघ सापडणार नव्हता. काहीच सापडलं नाही की सोडतील, असंच मी स्वतःला बजावत होतो. दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आलो.”

“खलास, विषय संपला,” जासिम साहेब दारातून म्हणाले. “पोलीस नाहीत. वाघ इमारतीतच आहे. यांचं काय करायचं ते मालक ठरवतील. त्या मुलीला जाऊ द्या, यल्ला, लवकर, तिचं विमान आहे.”

६

सुमैयाला मोकळं केल्याचं सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग चारुलताबाईंचे दोन्ही हात धरून म्हणाली, “अल्ला तुमचं भलं करो. मिळेल ना विमान?”

“मिळेल. मीच सोडते तुला.”

गार्डने फोन आणून दिला. चारुलताबाईंना तेव्हा आठवलं, की फोनचं बघते म्हणाल्या होत्या त्या. जासिम साहेबांशी बोलायचं राहूनच गेलं होतं. वाघाच्या डोळ्यात त्या इतक्या गुंतल्या, की जिवंत माणसाच्या फोनचा त्यांना विसर पडला.

सुमैयाने फोन चालू केला. मिस्ड कॉलच्या सूचना एकामागून एक येत राहिल्या आणि थांबेचनात. तिने भावाला फोन लावला. घाईत बोट कुठेतरी लागलं असेल, आवाज स्पीकरवर गेला.

“कुठं होतीस गो तू?” पलीकडून तिचा भाऊ तबिश ओरडला. मग रडायलाच लागला. “अब्बा गेले. दुपारी गेले. किती फोन लावले तुला, बंदच येत होता. मी बोललो, सुमैया येतेय, सकाळपर्यंत थांबूया. पण मोठे चाचा बोलले, ती निघाली का नाय तेच ठाऊक नाय, मय्यत किती ठेवायची. तू एकदा नुसतं हो बोलली असतीस तरी थांबवलं असतं मी सगळ्यांना. असरच्या नमाजनंतर दफन केलं. आताच कबरस्तानातून आलो.”

“माती पण नाय मिळाली मना द्यायला,” सुमैया म्हणाली. इतकंच. फोन तिने कानाला लावला नाही, बंदही केला नाही. तबिश बोलत राहिला.

जिन्याच्या तोंडाशी अनंतराव उभे होते. ते केव्हा आले कुणाला कळलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते दोन पायऱ्या उतरले आणि हात जोडले.

“बाळ,” ते म्हणाले.

सुमैयाने त्यांच्याकडे पाहिलं. चारुलताबाईंना वाटलं, आता ही किंचाळेल, शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. पण तिने बॅग उचलली, खांद्यावरची ओढणी सारखी केली आणि म्हणाली, “काका, सकाळी बोलला असतात तर अब्बांचं तोंड बघितलं असतं मी.”

तिच्या आवाजात राग नव्हता. ऐकवेना ते याच कारणाने. अनंतराव पायरीवर खाली बसले आणि त्यांना उठवायला कुणी गेलं नाही. चारुलताबाईसुद्धा नाही.

दोह्याचं घड्याळ भारताच्या अडीच तास मागे; इथे अजून दुपारच होती, पण बाहेर धूळ इतकी होती की गाड्यांनी दिवे लावले होते. चारुलताबाईंनी बॅग डिकीत टाकली, गाडी काढली आणि हमरस्त्याला लागताच वेग घेतला. डावीकडून एक टँकर, उजवीकडून कुणाची लँडक्रूझर. त्यांनी दोघांनाही मागे टाकलं. वेळेवर पोचवायचं एवढं एकच काम आता त्यांच्या हातात राहिलं होतं, आणि त्या ते दात आवळून करत होत्या.

“मला माफ कर,” त्या म्हणाल्या. “फोनचं मी म्हटलं होतं.”

सुमैया काचेबाहेर बघत होती. मग तिने स्टेअरिंगवरच्या बाईंच्या हातावर हात ठेवला.

“ताई,” ती म्हणाली, “हळू चालवा. आता घाई नाही.”